धूळ ओढणारी उशी

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीतला निम्मा आवाज खोकल्याचा होता. दगड दळणाऱ्या कारखान्याचं ते रिकामं गोदाम. कामगार बायकामुलांसह पुढे सरकत होते, मागचे टाचा उंचावून बघत होते, आणि समोर लाकडी चौथऱ्यावर माझा थोरला भाऊ उघड्या छातीने बसला होता. लांबूनही बरगड्या दिसाव्यात इतका वाळलेला. त्याच्यासमोर थापवाले महाराज उभे होते.

छातीवर थापा मारून बरं करतात, म्हणून थापवाले. या नावाचा दुसरा अर्थ त्या गर्दीत कुणाच्या मनात आला नसावा. माझ्या मनात आला, तो मी गिळून टाकला, कारण शेजारी वहिनी हात जोडून उभ्या होत्या.

महाराज पन्नाशीचे, गोरेगुटगुटीत, अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. आवाज असा मऊ, की कानात घातलेल्या तेलासारखा आत उतरावा. त्यांनी टोपलीतून तळहाताएवढी पांढरी उशी काढली. दोन्ही बाजूंनी लोकांना दाखवली, पुढच्या रांगेतल्या दोघाचौघांच्या हातात दिली, परत घेतली. मग ती दादाच्या छातीवर ठेवून ते दगडाशी बोलू लागले.

“दगडा, तुझं घर डोंगरात. या गरिबाच्या छातीत काय करतोस? ऊठ, चल. तुझी आई तिकडे वाट बघतेय.”

लोक हसले. महाराजही हसले, आणि उशीवर थापा पडायला लागल्या. धपाधप, एकामागून एक. दादाला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली. महाराज म्हणत होते की निघतोय, लेकाचा चिकटून बसला होता, जुनी धूळ उखडतेय, खोक बाबा, मनसोक्त खोक. मग त्यांनी उशी अलगद उचलली. छातीकडची बाजू राखाडी झाली होती. दादाच्या छातीवरही राखाडी चौकोन उमटला होता.

गर्दीने एकदम श्वास सोडला. पुढच्या एकाने ती धूळ चिमटीत धरून चोळली. तो दळण विभागातच कामाला होता. स्वतःच्या पोरांच्या गालांपेक्षा ह्या धुळीचा स्पर्श त्याला जास्त ओळखीचा. त्याने वळून सांगितलं, आपलाच दगड. मीही पुढे होऊन बोट फिरवलं. खरंच कारखान्याचाच दगड होता. त्यात खोटं काही नव्हतं.

महाराजांनी दादाला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणायला लावलं की माझी छाती साफ झाली, उद्यापासून मी कामावर. दादाने ते दोनदा म्हटलं. उशी दाराजवळच्या पिंपात पेटलेल्या आगीत टाकायची, म्हणजे रोग जळून जातो, असं सांगून ती वहिनींच्या हातात दिली गेली. या सगळ्याचा एक पैसाही महाराज घेत नव्हते. लोकांच्या लेखी हाच सगळ्यांत मोठा पुरावा होता.

दादा त्या कारखान्यात तरुणपणापासून दळण विभागात. राखाडी दगड तिथे मैद्याइतका बारीक होतो आणि मग काचेत, रंगात, फरशीत जातो. थोडा माणसांतही जातो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाच्या छातीचा एक्स-रे खिडकीशी धरून आम्हाला दाखवला होता. फुप्फुसात बारीक बारीक गाठी झाल्या होत्या. ही धूळ आत रुतून बसते, तिच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं, आणि ती बाहेर काढणारं औषध जगात नाही, हे त्यांनी न फिरवता सांगितलं. हातात एकच गोष्ट होती. यापुढे धुळीचा एकही श्वास घ्यायचा नाही.

दादाने कारखान्यात दुसरं काम मागितलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, सध्या जागा नाही. मग त्यांनीच दादाच्या खांद्यावर हात टाकून त्याला थापवाल्या महाराजांचं नाव सुचवलं. गोदाम कारखान्याचं. महाराज राहायचे ते कारखान्याच्या पाहुणेघरात, जेवायचे कारखान्याच्या कँटीनमधलं. मला ते खटकलं, तसं मी दादाला बोलूनही दाखवलं. पण खांद्यावर साहेबाचा हात पडण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. त्याला त्यात माया दिसली.

छाती साफ झाल्यावर दादा पुन्हा दळणावर गेला. आधी तो नाकाला फडकं तरी बांधायचा, आता तेही सोडलं. भरली की रिकामी करून घेऊ, मग बांधायचं कशाला, असं सगळेच म्हणू लागले होते. काहींनी तोंडावरचे मास्क पोरांना खेळायला दिले. कुणी पुन्हा दुसरं काम मागायला गेलंच, तर मॅनेजर त्याला हसून आठवण करून द्यायचे की अरे, तू सगळ्यांसमोर सांगितलंस ना, छाती साफ झाली म्हणून.

पावसाळा संपता संपता, एका सुट्टीच्या दिवशी, वहिनी माझ्या खोलीवर आल्या. हातात डबा. मला वाटलं खायला काही आणलंय. झाकण उघडलं तर आत ती उशी.

वहिनींनी ती जाळलीच नव्हती. पिंपात आपला घडी घातलेला रुमाल टाकला आणि उशी पिशवीत घालून घरी आणली. एवढी गुणाची वस्तू आगीत टाकायला जीव धजला नाही, दादाच्या उशाशी ठेवावी म्हटलं, असं त्या सांगत होत्या. पण दादाचा खोकला परत सुरू झाला होता, आधीपेक्षा वाईट. जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. महाराजांकडे आणखी फेऱ्या झाल्या, दर वेळी राखाडी चौकोन उमटला, दर वेळी चार दिवस बरं वाटलं. आता तो खचत चालला होता.

“ताई, तुमच्या त्या यंत्रातून बघा आणि यांना सांगा, केवढी धूळ निघालीय ती,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या शब्दावर विश्वास आहे यांचा. जरा उभारी येईल.”

माझं काम तपासणीच्या प्रयोगशाळेत. कारखान्यांतली धुळकट हवा बाहेर सोडण्याआधी जाड कापडाच्या लांब पिशव्यांतून गाळतात. कापड धूळ नीट अडवतं का, धूळ त्यात किती खोल शिरली, हे बघायला त्या पिशव्यांचे तुकडे आमच्याकडे येतात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बघितलं, इतकं ते सोपं नसतं. कापडावरची धूळ नुसती बसलेली असते. तुकडा वाकवला, टेबलावर जरा जोरात ठेवला, त्याच्यावर शिंकलं, तरी ती जागा सोडते आणि मग तुम्ही जे बघता ते तुमच्याच धसमुसळेपणाचं चित्र असतं. म्हणून माझ्या कामात बघणं थोडं आणि न हलवणं फार.

उशी प्रयोगशाळेत नेली तेव्हा आमच्या मुख्य बाईंनी नमुना कुणाचा म्हणून विचारलं. माझ्या भावाचा, मी म्हटलं.

नवं कोरं पातं घेऊन मी उशीचा नखाएवढा तुकडा कापायला घेतला. वरचं सुती कापड लोण्यासारखं कापलं गेलं आणि मग पातं अडलं. कापसात पातं असं अडत नाही. दाबून, न ओढता, मी तुकडा सोडवला, आडवाच उचलला आणि उथळ बशीत ठेवला. कडेने पातळ राळ थेंबथेंब सोडली. वरून ओतली तर धूळ वाहून जाते. खाली सोडली की कापड ती आपसूक वर ओढून घेतं आणि कण जिथल्या तिथे थिजतात. राळ दगडासारखी घट्ट होऊ दिली. मग तुकडा उभा कापला आणि कापलेली बाजू आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक कागदावर घासत आणली, आरसा होईपर्यंत. आता कापडाचा उभा छेद तयार होता, भिंत मधोमध कापून आतल्या विटा दिसाव्यात तसा.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी भेटावं तसं झालं.

वर सुती कापड, खाली सुती कापड, आणि मध्ये कापूस नव्हताच. मध्ये होता कारखान्याच्या गाळणीच्या पिशवीचा तुकडा. एका अंगाला धागे भाजून गुळगुळीत केलेले असतात, धाग्यांच्या टोकांना वितळलेले मणी दिसतात, तसे इथेही दिसत होते. त्या पिशवीच्या छातीकडच्या अंगाला धुळीचा थर होता, ठासून भरलेला. त्याखालच्या, म्हणजे छातीला टेकणाऱ्या सुती कापडात मात्र तुरळक कण. बाहेर पडता पडता अडकलेले.

धूळ ज्या बाजूने येते त्या बाजूला तिचा ढीग साचतो, हे गाळणीचं साधं गणित आहे. दादाच्या छातीतून धूळ उशीत शिरली असती, तर छातीला टेकलेल्या कापडावर गर्दी आणि आत विरळ, असं दिसलं असतं. इथे ढीग आत होता आणि बाहेरच्या वाटेवर चुकार कण. धूळ छातीतून उशीत आलीच नव्हती. ती उशीतून छातीवर पडली होती. कारखान्यात पिशव्या झटकून धूळ पाडतात, तीच गोष्ट महाराज तळहाताने करत होते.

आणखी एक होतं. त्यातले बरेचसे कण फुप्फुसाच्या तळाशी पोचूच शकत नाहीत इतके मोठे होते. असे कण नाकात, घशात अडतात. खाली जाऊन रुततात ते यांच्यापुढे भोपळ्याशेजारच्या मोहरीसारखे. शेवटी मी कपाटातून त्याच कारखान्याच्या जुन्या पिशवीचा नमुना काढून शेजारी ठेवला. तेच कापड, तेच मणी, राखाडीत मधूनच तोच तांबूस कण.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मला झाला नाही. मला दादाची त्या दिवशीची उबळ आठवली. थापा पडत होत्या तेव्हा त्याच्या नाकाखाली धुळीचा लोट उठत होता. रोग बाहेर काढतो म्हणून त्याला आणखी धूळ पाजली जात होती, आणि तो खोकत होता त्याला गर्दी शुभशकुन समजत होती.

मी घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंकडून नवा एक्स-रे काढून घेतला, तोही दाखवला. गाठी वाढल्याच होत्या. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग आता मी काय करायचं?”

“दळण सोड. आजच.”

“सोडलं तर बरा होईन?”

मी एक्स-रे पाकिटात परत घातला.

“डॉक्टरीण म्हणते, बरा होणार नाहीस. महाराज म्हणतात, झालास,” दादा म्हणाला. “माझ्या जागी तू असतीस तर कुणाकडे गेली असतीस?”

वहिनी ताटं उचलत होत्या. त्यांनी ताटं तशीच खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, पुढच्या वेळी गोदामात तुम्ही नाव द्या, मी तुमच्याबरोबर येते. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या हातांनी यांना मी तिथे बसवलं.”

त्या दिवशी गोदाम नेहमीसारखंच भरलं होतं. मॅनेजरसाहेब पुढे खुर्चीवर, दादा मागच्या रांगेत. मी रोगी म्हणून नाव दिलं. बायकांच्या पाठीवर उशी ठेवत. महाराजांनी टोपलीतून उशी काढून लोकांना दाखवायला माझ्या हातात दिली, आणि मी ती घेऊन चौथऱ्यावरून उतरले.

गोदामाचं लोखंडी दार नुकतंच हिरवं रंगवलं होतं. मी त्यावरून ओला रुमाल फिरवला, कोरडं केलं, रुमाल सगळ्यांना दाखवला. उशी दारावर ठेवली, वहिनींनी कोपरे धरले, आणि मी महाराजांसारख्याच थापा मारायला लागले. दगडा, तुझं घर डोंगरात, हेही म्हटलं. कुणीतरी फिसकन हसलं. उशी काढली. हिरव्या दारावर राखाडी चौकोन उमटला होता.

“महाराज,” मी विचारलं, “या दाराला दमा कधीपासून आहे?”

महाराजांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. “ताई, दार कारखान्याचंच आहे. त्याने काय कमी धूळ खाल्लीय? तुमच्या हातून त्याचीही सुटका झाली. माझी शक्ती तुमच्यात उतरली म्हणायची.”

आणि मी माना हलताना पाहिल्या. एक, दोन, मग पुष्कळ. दार पुरेल असं मला वाटलं होतं. पण माणसाला बरं व्हायचं असलं की तो दारालाही फुप्फुसं बहाल करतो.

मग मी पातं काढलं, उशीची शिवण उसवली आणि आतला जाड तुकडा बाहेर ओढला. ह्या उशीत कापूस नाही, हे कापड तुमच्यापैकी कुणीतरी रोज हाताळतं, एवढंच म्हणून तो पुढच्या रांगेत दिला. तुकडा हातोहात मागे गेला आणि फिल्टरच्या पिशव्या बदलणाऱ्या फिटरच्या हातात पोचला. तो स्वतःही खोकत होता, त्याचाही नंबर त्याच दिवशी होता. त्याने तुकडा उलटा करून बघितला. गुळगुळीत बाजूवर नख ओढलं. बोटांत झटकला तशी धूळ उडाली. महाराजांकडे त्याने बघितलंही नाही. त्याने मॅनेजरकडे बघितलं.

“साहेब, या पिशव्या पुरायच्या म्हणून तुम्ही गाडीत भरायला लावल्या होत्या. त्या खड्ड्यापर्यंत गेल्याच नाहीत काय?”

मॅनेजरने घड्याळात बघितलं आणि चौकशी करू म्हणाला.

महाराज टोपली उचलायला वाकले. वहिनींनी टोपलीवर पाय ठेवला. मग एकेक उशी निघाली आणि एकेक फाडली गेली. दात, किल्ली, चाकू, ज्याला जे मिळालं त्याने. सगळ्यांच्या पोटात तेच कापड. महाराजांवर कुणी हात उगारला नाही. खोकणाऱ्या माणसांत मारामारीपुरताही दम नसतो. माणसं नुसती उभी होती, हातात पांढऱ्या चिंध्या घेऊन, आणि गोदामात जो धुरळा उठला होता तो श्वासाश्वासाने आत घेत होती. मी ओरडून त्यांना बाहेर काढलं. दादा शेवटी निघाला.

दुसऱ्या दिवशी महाराज कारखान्याच्याच गाडीतून गेले. आमचीही फसवणूक झाली, असं मॅनेजरने फाटकावर येऊन सांगितलं, आणि तो आपल्या खुर्चीत परत जाऊन बसला. आजही तिथेच बसतो. माझे आभार मानायला फार लोक आले असं समजू नका. बाजारात एका कामगाराच्या बायकोने मला अडवलं. ती भांडली नाही. म्हणाली, “तो त्या उशीच्या भरवशावर झोपत होता. तुम्ही ती फाडलीत. आता त्याच्या उशाला मी काय ठेवू?” मी तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. तिने घेतला, पण तिला हवं होतं ते तो पत्ता नव्हता.

दादाने दळण सोडलं. उशीर झाला होता. पुढे पुढे तो नळीतून प्राणवायू घेत खिडकीपाशी बसून असायचा. एका दुपारी फिटर आणि दळण विभागातले काही जण त्याला भेटायला आले. कुणी एक नव्या वैद्याची बातमी घेऊन आला होता. दूर कुठे तरी तांब्याच्या नळीने छातीतली धूळ शोषून घेतात, दादाला तिथे नेऊ, गाडीची सोय करतो म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने हात वर केला. त्याला एक वाक्य बोलायला दोन श्वास लागायचे.

“मला बरं करायचं सोडा,” तो म्हणाला. “त्या चक्कीवर पाणी मारायला लावा.”

तेवढंच बोलला आणि नळी नीट केली.

ती माणसं त्यानंतर फाटकावर बसली. ओलं दळण, नव्या पिशव्या, चक्कीला झाकण, या मागण्या घेऊन. डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या, मी माझे छेद घेऊन गेले. कारखान्याने एका विभागात पाण्याचे फवारे बसवले, दुसऱ्यात अजून बसवायचे आहेत. पहिला फवारा सुरू झाला तेव्हा दादा नव्हता.

म्हणून हे लिहिते आहे. छातीत रुतलेली धूळ कुणाच्या थापेने निघत नाही, फुंकरीने नाही, नळीने नाही. मलाही ती काढता आली नाही आणि डॉक्टरांनाही नाही. ती आत जाण्याआधी अडवता येते, पाण्याने, झाकणाने, धड कापडाने. हे ऐकायला रुक्ष वाटतं, आणि चमत्कार करणारा गोड बोलतो. तरीही त्याला विचारा. ती वस्तू हातात मागा, उसवून बघा, फुकट देणाऱ्याला जेवू कोण घालतं ते शोधा. विचारल्याने आजाऱ्याचा खोकला थांबत नाही, हे मी घरात पाहिलं आहे. पण जो अजून खोकत नाही, त्याचा सुरू होत नाही.